किनाबातांगानच्या काठी पाम शेतकऱ्याकडे दोन रात्री: होमस्टे आणि बागफेरीचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, 5 पैकी साडेचार. अर्धा स्टार कशाचा कापला ते खाली येईलच, पण सबाहला जाणार असाल आणि एकच गोष्ट वेगळी करायची असेल तर ही करा असं मी अगदी मनापासून सांगेन.

सबाह म्हणजे बोर्निओ बेटावरचं मलेशियाचं राज्य. सांडाकानहून गाडीने अडीच-तीन तासांवर सुकाऊ म्हणून गाव आहे किनाबातांगान नदीकाठी, आम्ही राहिलो ते घर त्याच पट्ट्यात. घराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण ते काही हॉटेल नाही, एका कुटुंबाचं घर आहे, आणि असे होमस्टे त्या भागात बरेच आहेत. सोबत माझी मैत्रीण होती, ती सहा वर्षं मलेशियात नोकरीला आहे आणि मलय चांगलं बोलते. ती नसती तर निम्मी ट्रिप वाया गेली असती हेही आत्ताच सांगते.

लोक तिथे जातात ते प्राणी बघायला. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं, ओरांगउटान, धनेश, नशीब असेल तर बोर्निओचे बुटके हत्ती. नदी 560 किलोमीटर लांब, सबाहमधली सगळ्यात मोठी, आणि खालच्या भागात 2005 साली अभयारण्य जाहीर झालं, साधारण 26,000 हेक्टर. पण ते सलग नाही हो, तुकडे तुकडे आहेत नदीच्या दोन्ही अंगाला, आणि तुकड्यांच्या मधे पाम (ज्याच्या फळांपासून पामतेल काढतात ते झाड), मागे पाम, रस्त्याला तर तासभर खिडकीबाहेर पामशिवाय दुसरं काही दिसतच नाही. प्राणी इतके पटापट दिसतात त्याचं एक कारण हेच की त्यांना पांगायला जागा उरलेली नाही, सगळे नदीकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यात गोळा झालेत. हे कळलं की बोटीतून फोटो काढतानाचा आनंद थोडा कमी होतो.

रिसॉर्टवाल्या बोटीत तुम्हाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, पामने जंगल खाल्लं. खोटं नाहीये ते. पण ज्याची 10-12 एकर बाग आहे तो माणूस याबद्दल काय म्हणतो ते मात्र कोणी ऐकवत नाही, आणि मला तेच ऐकायचं होतं. म्हणून हा होमस्टे निवडला, कारण यांच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या बागेत फिरवून आणतात.

घराबद्दल पटकन सांगते. लाकडी घर, खांबांवर उभं कारण नदीला पूर येतो, गाद्या स्वच्छ, मच्छरदाणी धड, बाथरूम एकच पण चकाचक. जेवण घरचं, नदीतली मोठी कोळंबी आणि भात, दोन्ही दिवस पोटभर. मालकांना आम्ही पाकचिक म्हणत होतो, म्हणजे काका, आणि त्यांच्या बायकोला माकचिक, तिकडे मोठ्या माणसांना असंच म्हणतात. पुढे मी काका-काकू असंच लिहिते.

आता बागफेरी. सकाळी साडेसहाला निघालो, त्यांनीच गमबूट दिले. बाग 12 एकर, दोन तुकड्यांत, एक नदीकडे उतरणारा आणि एक मागे उंचावर. एकरी साधारण 55 झाडं, नऊ-नऊ मीटरवर त्रिकोणात लावलेली. त्यांचा मुलगा लांब दांड्याच्या टोकाला बांधलेल्या विळ्याने आधी खालची फांदी कापतो, मग घड, आणि 20 किलोचा घड वरून पडला की पायाखालची जमीन हादरते, खरंच. घड पिकलाय हे कसं ओळखायचं तर खाली दोन-चार फळं गळलेली दिसली पाहिजेत. ती गळलेली फळं काकू एकेक करून वेचतात, नारिंगी-काळी, बोटांनी दाबली की तेल सुटतं. दर 10-15 दिवसांनी ही तोडणी, आणि तोडल्यावर माल एक-दोन दिवसांत मिलमधे पोचलाच पाहिजे, नाहीतर तेलातली आम्लता वाढते आणि भाव पडतो. त्यामुळे लहान शेतकरी व्यापाऱ्याच्या वजनकाट्याला बांधलेला असतो, त्याला तिथे रॅम्प म्हणतात. माल धरून ठेवू, भाव चढला की विकू, असली सोयच नाही. हे मी आधी सांगतेय कारण पुढे काका जे जे बोलले त्याच्या मागे हाच हिशोब आहे.

फेरीतली सगळ्यात भारी गोष्ट पंधराव्या मिनिटाला झाली. काकांनी एका झाडाचा नर फुलोरा तोडून आणला, शेवाळी-पिवळसर, बोटांसारख्या काड्यांचा झुबका, आणि तो माझ्या नाकाशी धरला. बडीशेपेचा वास! मग त्यांनी तो तळहातावर आपटला तर तीन-चार मिलिमीटरचे तपकिरी किडे खाली पडले आणि हातभर पळायला लागले, माझ्या बाहीत दोन गेले. हे भुंगे परागीभवन करतात. पाम मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, झाड इकडे आणलं पण त्याचा किडा तिकडेच राहिला, त्यामुळे मलेशियात आधी मजूर लावून हाताने पराग टाकायला लागायचे. 1981 साली कॅमेरूनमधून हा भुंगा आणून सोडला आणि हाताचं काम बंद झालं. काकांना वर्ष-बिर्ष पाठ नव्हतं, ते मी नंतर वाचलं, पण त्यांचं वाक्य मी तिथेच लिहून घेतलं होतं: "तुम्ही हत्ती बघायला येता, मी आधी हा बघतो. हा गेला तर माझी चूल गेली."

मैत्रिणीने त्यांना सरळच विचारलं की जैवविविधता म्हणजे तुमच्यासाठी काय. ते म्हणाले तो शब्द ट्रेनिंगला ऐकतो, तिथे स्लाइडवर वाघ-हत्ती-फुलपाखरू असतं. त्यांच्यासाठी एकेक जनावर वेगळं आहे, कोण काय खातं, कोण नुकसान करतं, कोण कामाला येतं, आणि कोण नुसतंच शेजारी आहे. मला हे फार पटलं. आपण बाहेरून "निसर्ग" असा एक गठ्ठा करून बोलतो आणि मग शेतकरी निसर्गाच्या बाजूचा की विरुद्ध असा प्रश्न विचारतो. त्यांच्याकडे असा प्रश्नच नाही, तिथे प्रत्येक जनावराचा हिशोब वेगळा चालतो.

उदाहरणार्थ उंदीर. उंदीर घडातली फळं कुरतडतात, म्हणून आधी ते विषाच्या वड्या टाकायचे. मग रात्रीच्या टॉर्चमधे दिसणारी रानमांजरं, कुचिंग बातू म्हणतात तिकडे, ठिपकेवाली, मराठीत वाघाटी म्हणतो ती, दिसेनाशी झाली आणि उंदीर काही कमी झाले नाहीत. वड्या बंद केल्यावर दोन-तीन वर्षांनी मांजर परत दिसलं. आता तोडलेल्या फांद्या ते दोन ओळींच्या मधे रचून ठेवतात, जाळत नाहीत, त्यात साप राहतात, बेडूक राहतात, खाली माती मऊ राहते. मी एक फांदी उचलून बघितली तर खाली ओल होती आणि गांडुळं होती, बाजूच्या मोकळ्या जमिनीवर मात्र टणक लाल माती. मुलाला ते साप नको वाटतात, फळं वेचायला आईच वाकते ना. यावर बाप-लेकाचं आमच्यासमोरच थोडं वाजलं आणि मला ते बरं वाटलं, कारण म्हणजे पाहुण्यांसाठी पाठ केलेलं बोलत नव्हते.

रानडुकरांचं ऐका. 2021 ला सबाहमधे आफ्रिकन स्वाइन फीवर आला आणि दाढीवाली रानडुकरं भराभर मेली. काका म्हणाले पहिल्या महिन्यात बरं वाटलं, गळलेली फळं खायला कोणी नाही. नंतर रात्री बाग इतकी गप्प झाली की त्यांना झोप लागेना. लहानपणापासून तो आवाज होता. त्यांनी यावर काही मोठं भाष्य केलं नाही, नुसतं सांगितलं आणि पुढच्या झाडाकडे गेले.

आणि हत्ती. मागच्या तुकड्यात जुनी झाडं काढून नवी रोपं लावलीत, कारण 25 वर्षांनंतर झाड इतकं उंच होतं की विळा पोचत नाही आणि उत्पन्नही घटतं. दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत कळप आला आणि 60 रोपं उपटून आतला गाभा खाऊन गेला. खड्डे अजून दिसतात, काकांनी ते बुजवले नाहीत, पुढच्या वेळी तिथेच लावणार म्हणाले. रोप, खड्डा, खत, मजुरी आणि वर तीन वर्षांची वाट, म्हणजे नुकसान 60 रोपांच्या किमतीचं नाही, तीन वर्षांच्या उत्पन्नाचं. मोठी कंपनी विजेचं कुंपण घालते, मग कळप वळसा घालून ज्याच्याकडे कुंपण नाही त्याच्या बागेत शिरतो. ही गोष्ट मी याआधी कुठे ऐकलीच नव्हती. बोर्निओच्या हत्तीला 2024 मधे धोक्यात असलेल्यांच्या यादीत वेगळं स्थान मिळालं, जगात साधारण हजारच उरलेत. काकांना हे माहीत होतं. म्हणाले, "हजार उरलेत हे मला कळतं. पण त्यातले वीस माझ्याकडे जेवायला येतात आणि बिल मी एकट्याने भरायचं?" त्यांना हत्ती मारायचा नाहीये, हाकलून द्यायचाही नाहीये, खर्च वाटून घ्या एवढंच म्हणणं आहे. मला तरी यात चुकीचं काही दिसलं नाही.

नदीकडचा तुकडा बघून मात्र मी थांबले. काठाला जवळजवळ 30 मीटरचा पट्टा नुसता रान आहे, वेली, उंबरासारखी झाडं, वर माकडांच्या उड्या. सबाहचा 1998 चा पाण्याचा कायदा आहे, तीन मीटरपेक्षा रुंद नदीच्या दोन्ही काठांना 20 मीटर मोकळे सोडायचे. मला वाटलं कायदा पाळलाय. काका म्हणाले कायदा नंतर कळला, आधी पुराने शिकवलं. तिथे त्यांच्या वडिलांनी पाण्यापर्यंत पाम लावला होता, दर पावसाळ्यात दोन-दोन आठवडे बुंधे पाण्यात, घड कुजके, खत वाहून जायचं. दोनदा लावून बघितलं, मग सोडून दिलं. जंगल आपलं आपण परत आलं. आता पूर आला तरी काठ ढासळत नाही आणि संध्याकाळी माकडं तिथेच झोपायला येतात, ज्यांना बघायला आमच्यासारखे पैसे देतात. हे काका तरुणपणी लाकूड तोडणाऱ्या कंपनीत मजूर होते हेही त्यांनी लपवलं नाही. ही मोठी झाडं पाडल्यावर काय होतं ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहितीये, असं शांतपणे म्हणाले.

काकूंचं म्हणणं जरा वेगळं आहे आणि त्या आपणहून बोलत नाहीत, विचारावं लागतं, नक्की विचारा. फवारणी बरीच वर्षं त्याच करत होत्या. पाठीवर पंप, तोंडाला ओढणी, आणि पंपात पॅराक्वाट, म्हणजे तण मारायचं जहाल विषारी औषध. मलेशियाने 2020 पासून पॅराक्वाटवर बंदी आणली. काका म्हणतात आता तण मारायचं औषध महाग पडतं. काकू म्हणतात माझी नखं परत नीट आली. त्यांनी हात पुढे करून दाखवले. आता झाडाभोवतीच्या गोलातच फवारतात, फळं दिसायला हवीत तेवढ्यापुरतं, मधलं गवत आणि नेचे कापून सोडतात. बागेच्या चरात पूर्वी मागूर मासे मिळायचे, मग बंद झाले, आता परत छोटे दिसतात, हे त्या मोजून सांगतात कारण तो मासा त्यांच्या स्वयंपाकाचा होता. शाश्वत शेती म्हणजे काय हे मला कुठल्याही लेबलपेक्षा या चरापाशी जास्त कळलं.

लेबलवरून आठवलं. रात्री जेवणानंतर काकांनी फाइल आणली. शाश्वत पामतेलासाठी मलेशियाचं स्वतःचं प्रमाणपत्र आहे, एमएसपीओ, 2020 पासून सगळ्यांना सक्तीचं, लहान शेतकऱ्यांना सरकारी पाम बोर्डाच्या गटांमार्फत मिळतं. फाइलमधे खताच्या पावत्या, फवारणीची वही, बागेचा नकाशा, औषधाच्या कुलूपबंद कपाटाचा फोटो. मन लावून ठेवलेली फाइल आहे, प्रत्येक पान प्लास्टिकमधे. मी विचारलं याने भाव किती वाढला. रॅम्पवर तोच भाव, ज्याच्याकडे फाइल नाही त्यालाही. आरएसपीओ ही असंच प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय संस्था 2004 पासून आहे, पण स्वतंत्र लहान शेतकऱ्यांसाठी वेगळं सोपं मानक यायला 2019 उजाडलं, पंधरा वर्षं! त्यात क्रेडिट, म्हणजे शाश्वतपणे काढलेल्या तेलाची कागदी हमी, कंपन्यांना विकून थोडे जास्तीचे पैसे मिळतात, पण त्यासाठी गट लागतो, गटाला चालवणारा माणूस लागतो, ऑडिट लागतं. यांच्या वस्तीत अजून गट उभा राहिलेला नाही. आणि युरोपचा जंगलतोडीविरुद्धचा नवा कायदा, 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल नको म्हणणारा, त्यात 4 हेक्टरपेक्षा मोठ्या तुकड्याची पूर्ण सीमा नकाशावर आखून द्यायची. काकांना त्याचं भय नाही, त्यांनी त्या तारखेनंतर जंगलातलं एकही झाड तोडलेलं नाही. भय वाटतं ते शेजाऱ्यांसाठी, ज्यांची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसलेली आहे पण हातात कागद नाही. जंगल न तोडताही ते कागदावर अडकतील.

एका मुद्द्यावर आमचं जमलं नाही, तेही लिहिते. मी त्यांना इंडोनेशियातल्या जांबीचा प्रयोग सांगितला, 140 हेक्टरच्या पाम बागेत 2013 मधे मधले काही पाम काढून देशी झाडांची 52 बेटं लावली, काही वर्षांनी पक्षी-किडे वाढले आणि एकूण उत्पादन घटलं नाही. मला वाटलं ऐकून खूश होतील. त्यांनी आधी विचारलं जमीन कोणाची होती. कंपनीची, म्हटलं. मग म्हणाले, "प्रयोग फसला असता तर कंपनीच्या घरी चूल पेटायची थांबली असती का? माझ्या एका एकरात करून दाखवा, पाच वर्षांचं घटलेलं उत्पन्न भरून द्या, मी उद्या खड्डे घेतो." मला अजूनही वाटतं की त्यांनी कोपऱ्यात पाच-दहा झाडं लावून बघावीत, सावलीची भीती ते जरा जास्तच धरतात. पण त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं हे कबूल.

उलट त्यांनीच मला विचारलं की पामतेल सगळ्यात जास्त आयात करणारा देश तर भारत आहे ना, तिथे कोणी विचारतं का ते कोणत्या बागेतून आलं. युरोपवाले निदान विचारतात तरी, म्हणाले. बायकॉट करा असं म्हणणाऱ्यांबद्दल त्यांचं एकच म्हणणं, एका हेक्टरात पाम तीन-चार टन तेल देतो, बाकीची तेलबियांची पिकं एक टनाच्या आतबाहेर, मग तेवढंच तेल दुसरीकडे काढायला किती जमीन लागेल ते मोजा आणि मग सांगा. 2022 च्या मार्चमधे कच्च्या पामतेलाचा भाव टनाला 7,000 रिंगिटच्या (मलेशियाचं चलन) वर गेला होता, त्या वर्षीही खताच्या किमतीने बराचसा नफा खाल्ला असं ते म्हणाले.

आता अर्धा स्टार. पहिलं, तोडणी बघताना आम्हाला हेल्मेट दिलं नाही. मुलगा ओरडतो, सगळे मागे सरकतात, पण 20 किलोचा काटेरी घड आणि वजनदार फांदी वरून येतेय, हे चालणार नाही, विशेषतः लहान मुलं असतील तर. मी सांगितलं, त्यांनी मान्य केलं, आता देतात का ते जाणाऱ्यांनी इथे लिहा. दुसरं, ज्या एजन्सीने बुकिंग करून दिलं त्यांनी "फार्म टूर, 45 मिनिटं" असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात तीन तास लागले आणि आम्ही त्यानंतरची बोट जवळजवळ चुकवली. बाहेरून ठरवलेल्या संध्याकाळच्या बोटवाल्याने हत्तींच्या फार जवळ बोट नेली, पिल्लू आईच्या पोटाखाली शिरलं तरी इंजिन चालूच. आम्ही मागे घ्यायला लावली. तुम्हीही लावा, लाजू नका. तिसरं, निघायच्या दिवशी 14 जणांचा ग्रुप आला तेव्हा फेरी बघितली तर ती अर्ध्या तासात आटोपली, ना भुंगा दाखवला ना फाइल निघाली. काकांची चूक नाही, इतक्या लोकांशी बोलणार कसं. पण बुकिंग करताना चारपेक्षा जास्त माणसं नकोत असं स्पष्ट सांगा.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पावसानंतर जळवा असतात, मोजे पँटच्या वर ओढा. फेरीचे पैसे वेगळे आणि थेट काकांच्या हातात द्या, एजन्सीला नको. मलय येणारं कोणी नसेल तर त्यांची धाकटी मुलगी शनिवार-रविवारी घरी असते, तिला इंग्रजी छान येतं, म्हणून वीकेंडच धरा. आणि नर फुलोरा दाखवा म्हणून आपण होऊन सांगा, सकाळी उन्हं वर यायच्या आत, तेव्हा वास सगळ्यात चांगला येतो आणि भुंगे भरपूर असतात.